सामंतसाहेबांचं तेल

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत. त्यामुळे इथे एखाद्याने 'मी रशियात राहतो आणि बायको पर्शियात शिकवण्या घेते' असं सांगितलं तर कोणी चमकत नाही. सामंत फ्रान्समध्ये राहत. आम्ही बाकीचे गावी फोन केला की सरळ दुबई म्हणतो. सामंत मात्र कोल्हापूरला फोन लावून 'अरे, फ्रान्समध्ये कालपासून एसी बंद आहे' असं मोठ्याने सांगत आणि पलीकडच्या माणसाचा गैरसमज अजिबात दूर करत नसत. माणूस कळायला खरं तर एवढं पुरे आहे. पण मला त्यांच्याबद्दल बरंच सांगायचं आहे.

मी मूळची मिरजेची. फ्रान्सच्या तोंडाशीच एक औषधांचं दुकान आहे, तिथे मी फार्मासिस्ट म्हणून काम करते. सामंत एका पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या कंपनीत अॅडमिनला होते. गेटपास, टोनर, चहाचे कप हा त्यांचा कारभार. पण तरुणपणी दोन-तीन वर्षं त्यांनी कोल्हापुरात औषध कंपनीची बॅग उचलून डॉक्टरांच्या दारात वाट बघितली होती. त्या भांडवलावर त्यांनी पुढची तीस वर्षं 'मी मूळचा मेडिकल लाइनचा' असं सांगत काढली. नुसतं 'सामंत' म्हटलेलं त्यांना चालत नसे. 'सामंतसाहेब' म्हणावं लागे. मला ते 'केमिस्टबाई' म्हणत.

दुकानात ते विकत घ्यायला क्वचितच येत. येत ते तपासणीला. फळीवरून एक खोका उचलायचा, चष्मा कपाळावर ढकलून तो वाचायचा आणि दुकानात जे कोणी असेल त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचं, "बावीस दिरहम! म्हणजे पाचशे रुपये! कोल्हापुरात हीच गोळी पंचवीस रुपयांना स्ट्रिप. लूट आहे लूट." मग गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवून, "हे घेऊ नका. घरी या माझ्या. मी बसलोय ना!"

'मी बसलोय ना' हा त्यांचा मंत्र होता. कोणाला ताप येवो, कोणाचा व्हिसा अडको, कोणाच्या पोराचं अॅडमिशन राहो, सामंत बसलेले असत. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या एका कपाटात भारतातून आणलेल्या स्ट्रिपांचे ढीग होते आणि मराठी मंडळींत त्यांचं वाटप सढळ हाताने चाले. फुकट मिळतं म्हटल्यावर शिकलेली माणसंही जात. आमच्या मजल्यावरच्या एका बाईंच्या मुलाचा घसा दुखत होता, तर सामंतांनी त्याला एक अँटिबायोटिक दिलं. दुसऱ्या दिवशी पोराच्या अंगभर पुरळ. कोणाच्या तरी वाढदिवसाला आम्ही सगळे जमलो होतो, तिथे त्या बाईंनी घाबरत घाबरत पोराला पुढे केलं.

सामंतांनी त्याचा हात उलटसुलट करून पाहिला. "रिअॅक्शन आली म्हणजे औषध काम करतंय," ते म्हणाले.

"अंकल, इट्स इचिंग लाइक क्रेझी," पोरगा म्हणाला.

"इचिंग इज गुड, बेटा," सामंत म्हणाले आणि त्यांनी केकचा दुसरा तुकडा घेतला.

मी त्या बाईंना बाजूला नेलं, गोळ्या बंद करायला लावल्या आणि रात्रीच पोराला क्लिनिकमध्ये पाठवलं. पोरगा बरा झाला. पुढे महिनाभर सामंत सगळ्यांना सांगत होते की त्यांच्या औषधाने पोराच्या अंगातली सगळी उष्णता बाहेर पडली.

असा हा माणूस एक दिवस स्वतःच आजारी पडला. कमरेतली नस दबली आणि डाव्या पायात कळा सुरू झाल्या. दुखणं खरं होतं, ते मी नाकारत नाही. कपाटातल्या सगळ्या स्ट्रिपा खाऊन झाल्यावर ते नाइलाजाने क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या सीरियन डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून त्यांना एक गोळी लिहून दिली. ती गोळी इथे नियंत्रित औषधांत मोडते. म्हणजे दर महिन्याला डॉक्टरांकडे स्वतः जायचं, प्रिस्क्रिप्शन नवं करून घ्यायचं, मग दुकानात ओळखपत्र दाखवायचं, सही करायची, तेव्हा गोळ्या मिळतात. एरवी चौकशी करायला भरपूर वेळ असलेल्या सामंतांना हा अपमान वाटला.

"मी काय चोर आहे का? ओळखपत्र दाखवा, सही करा, स्वतः हजर व्हा! मी कंपनीत पन्नास माणसांच्या हजेऱ्या घेतो. माझी हजेरी ही बाई घेणार?"

पहिल्या महिन्यात ते आले. दुसऱ्या महिन्यात आला दत्ता.

दत्ता पाटणकडच्या एका वाडीतला. उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात फायबरच्या बोटी बनवण्याचा कारखाना आहे, तिथे तो बोटींना पॉलिश मारायचं काम करायचा आणि कंपनीच्या खोलीत राहायचा. वय पस्तिशीचं, अंगाने काटक, गावी बायको आणि दोन मुली. ही नोकरी आपण लावून दिली असं सामंत सांगत. दत्ताच्या खोलीतले इस्माईलभाई, रत्नागिरीचे, त्याच कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांनी पुढे मला खरं काय ते सांगितलं. सामंतांनी दत्ताला कोणाचा तरी एक फोन नंबर दिला होता. बाकी सगळं दत्ताचं दत्ताने केलं होतं. त्या एका फोन नंबरावर सामंतांनी सहा वर्षं वसुली केली. सुट्टीच्या दिवशी दत्ता दोन बस बदलून फ्रान्समध्ये यायचा, एसीच्या जाळ्या धुवायचा, गॅसचा सिलिंडर वर चढवायचा, सामंतवहिनींची ड्रॅगन मार्टमधली खरेदी उचलून आणायचा. सामंत त्याची ओळख 'हा माझा माणूस' अशी करून देत.

तर हा 'माझा माणूस' साहेबांच्या ओळखपत्राचा फोटो मोबाइलवर घेऊन काउंटरवर उभा राहिला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"सायबांच्या गोळ्या न्याच्यात, ताई."

मी सांगितलं, असं चालत नाही, साहेबांना स्वतः यावं लागेल. या गोळ्या दुसऱ्याच्या हाती द्यायला मला परवानगी नाही आणि तुझ्याकडे त्या अशा सापडल्या तर तुलाच त्रास होईल.

"मला कशाचा तरास?" तो हसला. "सायेब हायत की." मग म्हणाला, "पर चिडतील ओ."

साहेब चिडलेच. दुकानात येऊन मॅनेजरकडे माझी तक्रार केली. मॅनेजर मलबारी, नियमाला पक्का. त्याने 'सॉरी सर, रूल इज रूल' म्हणून त्यांना पाणी दिलं. सामंतांनी त्या गोळ्याच बंद केल्या. क्लिनिक त्यांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर होतं. पण स्वतः जायचं म्हणजे आपण इतरांसारखेच झालो, हे त्यांना कळांपेक्षा जास्त दुखत होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कोल्हापूरला गेले आणि परत आले ते नवा मंत्र घेऊन. तिकडे एका वैद्यांनी त्यांना विजया तेल दिलं होतं. विजया म्हणजे भांग. भारतात वैद्याच्या प्रिस्क्रिप्शनवर ते मिळतं. जिभेखाली थेंब टाकायचे, रात्री झोप लागते, कळा कमी होतात. सामंतांना गुण आला होता, असं वहिनीही म्हणाल्या. बिचाऱ्या महिनाभर शांत झोपल्या होत्या.

"विजया म्हणायचं. गांजा-बिंजा म्हणायचं नाही," सामंतांनी मला बजावलं. "सरकारमान्य आहे. वैद्यांचा सही-शिक्का आहे. मेडिकल लाइनच्या माणसाला कळतं हे."

ऑगस्टमध्ये पुन्हा कळा सुरू झाल्या. एका दुपारी ते दुकानात आले, माझ्या काउंटरवरच्या शुगर मोजायच्या मशीनच्या खोक्याला मोबाइल टेकवून उभा केला आणि वैद्यांना व्हिडिओ कॉल लावला. घरी लावता आला असता, पण घरी बघायला कोण होतं? जुन्या प्रिस्क्रिप्शनची मुदत संपली होती, ती वाढवून हवी होती. वैद्यांनी पोट साफ होतं का, झोप कशी आहे, असं विचारलं आणि पाच मिनिटांत नवं प्रिस्क्रिप्शन मोबाइलवर आलं. सामंतांनी ते मला दाखवलं, मग बामची बाटली घ्यायला आलेल्या एका फिलिपिनो बाईंना दाखवलं.

"बघा केमिस्टबाई. रिन्यू! खलास! ओळखपत्र नाही, सही नाही. याला म्हणतात डॉक्टर."

मी हातातलं काम ठेवलं आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं, "सामंतसाहेब, हे तेल इथे चालत नाही. तुमच्याकडे कोणाचंही प्रिस्क्रिप्शन असलं तरी चालत नाही. पकडलं तर तुरुंग आहे. इथे आणू नका."

"मी कुठे आणतोय?" ते म्हणाले. मोबाइल खिशात टाकला आणि हसत हसत निघून गेले. मला वाटलं, आता पुढच्या सुट्टीत तिकडेच घेतील. बरं झालं, डोक्यात प्रकाश पडला.

आता इथला एक शिष्टाचार सांगायला हवा. आमच्यापैकी कोणीही गावाला निघाला की तो एकटा निघत नाही. त्याच्या बॅगेत दहा घरांचं सामान असतं. जाताना बदाम, खजूर, कोणाच्या सासऱ्यांचं ब्लडप्रेशरचं यंत्र. येताना मेतकूट, भडंग, मसाला, कोणाच्या आईने दिलेली गोधडी. पार्सल शिवलेलं असतं किंवा करकचून बांधलेलं असतं, आणि ती गाठ सोडून बघायची नाही. आत काय आहे हे विचारणं म्हणजे देणाऱ्यावर संशय घेणं. विमानतळावर बोर्ड लावलेत, घोषणा करतात, पण आपल्या माणसाच्या पार्सलला ते लागू आहे असं आम्हाला कोणालाच वाटत नाही. माझ्या स्वतःच्या लग्नातला शालू असाच कोणातरी अनोळखी माणसाच्या बॅगेतून इथे आला होता.

गणपतीला दत्ता गावी गेला. परत येताना सामंतांच्या धाकट्या भावाने कऱ्हाडच्या स्टँडवर त्याला गाठून एक पार्सल दिलं. भडंग, मेतकूट, आणि साहेबांच्या केसांचं तेल.

दोन दिवसांनी इस्माईलभाई दुकानात आले. मी त्यांना पूर्वी एकदाच पाहिलं होतं. कारखान्याच्या कपड्यांतच होते, हाताला राळेचे डाग तसेच.

"मॅडम, दत्त्याला एअरपोर्टवर पकडलान."

बॅग मशीनमधून गेली होती. भडंगाच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेल्या, लेबलं खरवडलेल्या चार बाटल्या निघाल्या. दत्ता एकच सांगत होता, माझं नाही, साहेबांचं आहे, केसांचं तेल आहे. साहेबांचं नाव सांगितलं, फोन नंबर सांगितला, घर सांगितलं. फोन लागत नव्हता. पोलीस ठाण्यात एक मल्याळी दुभाष्या होता, त्याने इस्माईलभाईंना सांगितलं की तो साहेब स्वतः आला, त्याचं प्रिस्क्रिप्शन दाखवलं आणि हे माझं आहे म्हणाला, तर या माणसाची बाजू बरीच हलकी होईल. नाहीतर बॅग ज्याची, माल त्याचा.

मी मॅनेजरला सांगून लगेच निघाले. फ्रान्स समोरच होतं.

सामंत सोफ्यावर बसले होते. टीव्ही चालू, आवाज बंद. समोर चहा. आम्हाला बघून त्यांनी पायावर पांघरूण ओढलं आणि 'आज फार दुखतंय' असं सुरुवातीलाच सांगून टाकलं. इस्माईलभाईंनी सगळं सांगितलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"अरेरे," सामंत म्हणाले. "बिचारा. पण ही लेबर क्लासची माणसं, कोणाचं काय घेऊन येतील सांगता येत नाही."

"तुमचा घेऊन आला ना साहेब," इस्माईलभाई म्हणाले. "तुमच्या भावान दिलान त्याला."

"माझ्या भावाने भडंग दिलं."

"साहेब, प्रिस्क्रिप्शन तुमच्या मोबाइलमध्ये आहे," मी म्हणाले. "माझ्यासमोर रिन्यू केलंत. ते घेऊन चला. मी येते बरोबर. यल्ला, उठा, गाडी खाली आहे."

सामंतांनी मोबाइल उचलला. मला क्षणभर खरंच वाटलं की ते उठतायत. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, अंगठ्याने दोन-चारदा स्क्रीनवर काहीतरी केलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. वैद्यांचं नाव, त्यांचे मेसेज, ते सही-शिक्क्याचं प्रिस्क्रिप्शन, सगळं पुसून टाकलं होतं.

"कुठलं प्रिस्क्रिप्शन?" ते म्हणाले. "मुदत संपलीय त्याची. मी ते रिन्यू केलंच नाही."

दुकानात उभं राहून एका परक्या बाईला दाखवलेली गोष्ट हा माणूस माझ्या तोंडावर नाकारत होता. मला संताप यायला हवा होता, पण पहिल्यांदा आली ती किळस. आमसुलासारखा आक्रसलेला तो चेहरा, आणि त्यात तरीही साहेबपणाचा ताठा.

"सरकारमान्य होतं ना?" इस्माईलभाई शांतपणे म्हणाले. "मग बाटल्यांची लेबलं खरवडलान कशाला?"

सामंतांनी चहाचा कप उचलला.

तेव्हा वहिनी बोलल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना नवऱ्यासमोर पूर्ण वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. "आपण जुलैत आलो," त्या म्हणाल्या. "बॅगेत जागा होती. तुम्ही पाच किलो गूळ घेतलात. तेल का नाही घेतलंत?"

"अगं, काय बोलतेस!" सामंत एकदम ओरडले. "माझी नोकरी गेली असती ना!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं असावं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे पाहिलं. वहिनी आत गेल्या, नवऱ्याचं ओळखपत्र आणि बूट घेऊन आल्या आणि दोन्ही त्यांच्यासमोर ठेवलं. "जा," एवढंच म्हणाल्या.

"जाऊ ना. बघू. इन्शाल्ला मार्ग निघेल काहीतरी," सामंत म्हणाले. "माझ्या ओळखीचा एक अरब आहे, त्याला फोन लावतो उद्या. काळजी करू नका. मी बसलोय ना."

आणि ते बसूनच राहिले.

मी आणि इस्माईलभाई ठाण्यात गेलो. मी पाहिलेलं, ऐकलेलं सगळं सांगितलं. तिथल्या अधिकाऱ्याने अदबीने ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. सामंतांना एकदा बोलावणं आलं. तिथे त्यांनी भडंग सोडून काहीच कबूल केलं नाही. भावाने कोल्हापुरातून फोन उचलणं बंद केलं. दत्ता काही महिने आत राहिला आणि मग त्याला तिथूनच विमानात बसवून घरी पाठवलं. पुन्हा या देशात यायचं नाही. त्याला चार्जहँड, म्हणजे टोळीचा मुकादम, करायचं कारखान्यात ठरलं होतं, त्या जागेवर दुसरा आला. इस्माईलभाईंनी त्याचे कपडे, मुलींसाठी घेऊन ठेवलेल्या दोन बाहुल्या आणि चादर असं सगळं एका पिशवीत भरलं आणि गावी जाणाऱ्या एकाच्या हाती दिलं. तो माणूस म्हणाला, आधी उघडून दाखवा. इस्माईलभाईंनी एक एक वस्तू काढून दाखवली. मला हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते.

दत्ताशी माझं फोनवर एकदा बोलणं झालं. तो आता कऱ्हाडजवळ एका पोल्ट्रीवर कामाला जातो. आवाज खोल गेला होता.

"गाठ सोडून बघाय पायजे हुती, ताई," तो म्हणाला. "हातात घेतल्याली तवाच जड लागल्याली. पर सायबांची म्हनून न्हाई सोडली."  मग म्हणाला, "बॅगंत माझ्या आयनं केल्याली चटनी बी हुती. त्यांनी समदं फेकलं."

साहेबांना त्याने एक शिवी दिली, ती मी इथे लिहीत नाही. मला ती ऐकून बरं वाटलं.

सामंतांचं काय झालं? काहीच झालं नाही. नोकरी शाबूत आहे, फ्रान्स शाबूत आहे. मंडळींनी महिनाभर कुजबुज केली, आणि दिवाळीच्या फराळाला त्यांना पुन्हा बोलावलं. मी तिथून उठून गेले, तर लोकांनी मलाच तिरसट ठरवलं. कपाटातल्या स्ट्रिपांचं वाटप सुरू आहे असं ऐकते. लोक घेतात.

कमरेची नस मात्र कोणाच्या बापाला ऐकत नाही. कळा सहन होईनात, तेव्हा सामंत पुन्हा त्या सीरियन डॉक्टरीणबाईंकडे गेले. आता दर महिन्याला जातात. स्वतः जातात, प्रिस्क्रिप्शन नवं करून घेतात आणि मग माझ्याकडे येतात, कारण या गोळ्या आसपास फक्त आमच्याच दुकानात मिळतात. वहिनी बरोबर येतात, पण आत येत नाहीत. बाहेर गाडीत काच वर करून बसतात.

परवाही आले. रांगेत चौघे होते. त्यांच्या मागे एक पाकिस्तानी ड्रायव्हर. सामंत मुकाट्याने रांगेत उभे राहिले, खोकी तपासली नाहीत, दिरहमांचे रुपये केले नाहीत. नंबर आला तेव्हा ओळखपत्र काउंटरवर ठेवलं.

नियम एवढाच आहे की ओळखपत्र बघायचं, सही घ्यायची आणि गोळ्या द्यायच्या. विचारायचं असं त्यात काही नाही. मी विचारते. दर महिन्याला विचारते.

"हे औषध कोणाचं?"

त्यांनी मान खाली घातली आणि काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही."

 मागचा ड्रायव्हर सुद्धा बघायला लागला. सामंतांनी काउंटरची कड धरली, एकदा बाहेरच्या गाडीकडे पाहिलं.

"माझं," सामंत म्हणाले. "माझं आहे."

मी गोळ्या दिल्या आणि पुढच्याला बोलावलं.